पापांची पेटी

सकाळी कपाटाचे दार उघडताच आन्सेल्मो मास्तरांना केकचा वास आला. त्यांनी दार मिटले, चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि दार पुन्हा उघडले. चष्म्याचा आणि वासाचा काही संबंध नाही हे त्यांना ठाऊक होते. परंतु कोणतेही निरीक्षण दोनदा घ्यावे असा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता होता. दुसऱ्या निरीक्षणाने पहिल्याला दुजोरा दिला. वास व्हॅनिलाचा होता आणि तो सासऱ्यांच्या पेटीतून येत होता.

कपाट सिगारी ठेवण्याचे होते. निकारागुआतल्या एस्तेली गावात तंबाखूशी संबंध नसलेले घर सापडणे कठीण, पण इतके काटेकोर कपाट दुसऱ्या कोणत्याही घरात नव्हते. मास्तरांनी ते सीडरच्या लाकडाचे करून घेतले होते. आतली हवा उन्हाळ्यात सुकू नये आणि पावसाळ्यात सादळू नये अशी त्यात व्यवस्था होती. आतला आर्द्रतामापक खरे बोलतो की नाही हे ते त्याला ओल्या मिठाच्या वाटीशेजारी बंद डब्यात ठेवून अधूनमधून तपासत. स्वतः मास्तर सिगार ओढत नसत. सरकारी शाळेत रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते आणि ज्या गोष्टीचा धूर होतो तिच्याविषयी त्यांना केवळ शास्त्रीय आस्था होती.

वरच्या खणात एकच पेटी असे. डॉन अबेलार्दो सेन्तेनो यांनी शेवटच्या आजारपणात स्वतःच्या हातांनी वळलेल्या सिगारी तिच्यात होत्या. मुले त्यांना पापा म्हणत, म्हणून ती पापांची पेटी. पापा गेले तेव्हा तिन्ही मुलांना जमीन मिळाली. मुलीला, म्हणजे मास्तरांच्या पत्नी रेय्नाबाईंना, पेटी सांभाळण्याचा मान मिळाला. पेटी मिळाली नाही. सांभाळण्याचा मान मिळाला. थोरल्या इलारिओने तेव्हाच सर्वांदेखत बजावले होते, "तुझ्या नवऱ्याचं कपाट चांगलं आहे म्हणून ठेव. पण पेटीला काही झालं, तर त्याच दिवशी ती माझ्या घरी जाईल."

वडिलांचे म्हणून रेय्नाबाईंपाशी जे काही होते ते एवढेच, आणि ते आता एखाद्या बेकरीसारखे घमघमत होते. त्यात आज पापांचा स्मृतिदिन. चर्चमधली प्रार्थना आटोपून तिघे भाऊ दुपारी येणार, पेटी उघडणार आणि दरवर्षीप्रमाणे पापांची एकेक सिगार ओढणार.

हे कसे घडले याविषयी मास्तरांना शंका नव्हती. धाकटा मेहुणा ओस्मार मागच्या आठवड्यात सिगारींच्या दोन जुड्या घेऊन आला होता. ओस्मारचा छोटा कारखाना होता आणि तो परदेशी गिऱ्हाइकांसाठी व्हॅनिलात मुरवलेल्या सिगारी करी. इलारिओ त्यांना 'अत्तराच्या काड्या' म्हणे आणि त्या पापांच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नयेत असा त्याचा सक्त हुकूम होता.

"मास्तर, छप्पर उतरवलंय हो माझं," ओस्मार अजिजीने म्हणाला होता. "सगळीकडं धूळ. गिऱ्हाईक येतंय नमुने बघायला. तुमच्या कपाटात ठेवा थोडे दिवस. पण पापांच्या पेटीजवळ नको हां. लग्न लागेल."

निरनिराळ्या सिगारी एका कपाटात ठेवल्या की एकीचा गुण दुसरीला लागतो, याला तंबाखूवाले लग्न लागणे म्हणतात. मास्तरांना हा शब्द कधीच मानवला नव्हता.

"लग्नाला पाद्री लागतो," ते म्हणाले. "इथे फक्त बाष्प आहे. आणि बाष्पाचा हिशेब करता येतो."

तो त्यांनी केलाही. जुड्या खालच्या खणात, पेटी वरच्या, मध्ये लाकडी फळी, शिवाय प्रत्येक काडीवर सेलोफेनचे वेष्टन. एवढे अडथळे ओलांडून व्हॅनिलाचा जो अंश पापांपर्यंत पोचेल तो शिकारी कुत्र्यालाही जाणवू नये, असे उत्तर आले होते. आकडेमोड बरोबर होती. आता कपाटासमोर उभे असताना गृहीतक कुठे चुकले ते त्यांना दिसले. सेलोफेन प्लॅस्टिकसारखे वाजते म्हणून त्यांनी ते प्लॅस्टिक मानले होते. ते लाकडाच्या लगद्यापासून करतात आणि ते श्वास घेते. जुड्यांनी आठवडाभर श्वास सोडला होता. पापांनी घेतला होता.

मास्तरांनी प्रथम जुड्या उचलून शयनगृहातल्या ट्रंकेत, हिवाळी कपड्यांच्या तळाशी दडवल्या. मग पेटी उघडून पंख्यासमोर धरली. वास कमी झाला नाही, पण ओलावा मात्र झपाट्याने उतरू लागला, आणि आवरणाचे पान एकदा तडकले की संपले हे त्यांना माहीत होते. पंखा बंद केला. मग त्यांनी चुलीतला कोळसा कुटून, फडक्यात बांधून पेटीत ठेवला. कोळसा वास शोषतो हे शास्त्र निर्विवाद आहे. त्याला किती दिवस लागतात हेही शास्त्राला ठाऊक आहे. मास्तरांपाशी दुपारपर्यंतचाच वेळ होता.

"आन्सेल्मो, कसला रे वास येतोय?" दारातून रेय्नाबाईंचा आवाज आला.

मास्तरांनी कपाट लावले. खोटे बोलण्याची त्यांना सवय नव्हती. त्यामुळे त्यांनी खऱ्याच्या सर्वात जवळचे उत्तर दिले. "केकचा."

"घरात केक कुठाय?"

"आणतोय. आजच्यासाठी सांगून ठेवलाय."

रेय्नाबाई पदरासारख्या गुंडाळलेल्या काळ्या शालीतून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "पापांच्या दिवसाला केक?"

"हो."

"पापा साखरेच्या आजारानं गेले, आन्सेल्मो."

"म्हणूनच," मास्तर म्हणाले.

या शब्दाला कोणताही अर्थ नव्हता हे त्या दोघांनाही कळले. रेय्नाबाई स्वयंपाकघरात गेल्या, आणि मास्तरांना टोपी घालून केक आणायला बाहेर पडावे लागले.

कोपऱ्यावरच्या बेकरीत तयार असा एकच व्हॅनिला केक होता. कुणीतरी सांगून ठेवून न नेलेला. त्याच्यावर गुलाबी क्रीमने 'अभिनंदन, यास्मिना' असे लिहिले होते आणि भोवती गुलाबाची फुले होती.

"अक्षरं काढता येतील का?" मास्तरांनी विचारले.

"काढते की. तुमच्याकडं काय आहे?" बेकरीवाली सुरी पुसत म्हणाली. "साखरपुडा?"

"स्मृतिदिन."

तिची सुरी थांबली. "मग यास्मिना काढू की अभिनंदन काढू?"

"दोन्ही."

"फुलं?"

मास्तर विचारात पडले.

"फुलं राहू द्या," तीच समजुतीने म्हणाली. "फुलं दोन्हीकडं चालतात."

भाऊ आले तेव्हा केक टेबलावर मधोमध होता. खरवडलेल्या जागी गुलाबी फराटा उरला होता आणि एखादी वाईट बातमी घाईने पुसून टाकावी तसा तो दिसत होता. इलारिओने दारातच हॅट काढली. तो तंबाखू पिकवणारा, रुंद खांद्यांचा आणि कमी शब्दांचा माणूस होता. त्याने नाक वर करून हवा हुंगली.

"वास कसला?"

"केकचा," मास्तर म्हणाले.

इलारिओने केकवरच्या फुलांकडे, मग भिंतीवरच्या पापांच्या तसबिरीकडे पाहिले. "पापांना साखर चालत नव्हती."

"म्हणूनच," रेय्नाबाई ट्रे ठेवत म्हणाल्या.

मधला माक्सिमो मोठ्या कारखान्यात सिगारी वळणाऱ्यांचा मुकादम होता. त्याने समजल्यासारखी मान हलवली, कारण थोरल्यासमोर न समजल्याचे दाखवणे त्याला आवडत नसे. ओस्मार मात्र दाराच्या चौकटीतच खिळला होता. त्याच्या नाकाला केक आणि व्हॅनिलाची सिगार यांतला फरक कळत होता. तो त्यावरच जगत होता. त्याने मास्तरांना खांबाआड ओढले.

"लागलं ना लग्न?"

"संपर्क झाला आहे, एवढं मान्य करायला हवं," मास्तर म्हणाले.

"इलारिओ मला जिवंत पुरेल हो! अन् पेटी घेऊन जाईल, ते निराळंच."

"ते मला माहीत आहे."

"मग सांगू नका ना! केक खायला घाला आधी सगळ्यांना. तोंड गोड झालं की कळत नाही."

ही सूचना शास्त्रीयदृष्ट्या अगदीच टाकाऊ नव्हती. परंतु इलारिओ गोडाला शिवला नाही. आधी पापा, मग खाणे, असे म्हणून त्याने अंगणातल्या संत्र्याच्या झाडाखाली खुर्च्या मांडायला लावल्या, आणि मास्तरांनी पेटी आणून त्याच्या गुडघ्यांवर ठेवली. कोळशाची पुरचुंडी त्यांनी वाटेत काढून खिशात टाकली होती. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर खिशाच्या ठिकाणी हळूहळू काळा डाग उमटत होता. तो सर्वांनी शोकाचाच एखादा प्रकार समजून सोडून दिला.

सेन्तेनोंच्या घरात या दिवसाचा एक नियम होता. सिगार पेटवल्यापासून तिची राख बोटभर होईपर्यंत कुणी शब्द बोलायचा नाही. चांगल्या वळलेल्या सिगारीची राख न पडता लांबत जाते. कच्च्या हाताची असेल तर लगेच झडते. त्यामुळे मौन जितके लांबेल तितका वळणाऱ्याचा मान मोठा. शोकसभेत मृताच्या कर्तबगारीचे असे थेट मोजमाप अन्यत्र कुठे होत असेल असे मास्तरांना वाटत नसे.

इलारिओने तीन सिगारी काढल्या, सवयीने डोळे मिटून त्यांच्या टोप्या कापल्या आणि भावांना दिल्या. सिगारीचे जे टोक ओठांत धरायचे त्यावर पानाचा एक गोल तुकडा चिकटवतात, ती टोपी. मास्तरांना सिगार देण्याची पद्धत नव्हती. ते जावई होते. पेटी आणणे आणि नेणे हे त्यांचे काम. काडी ओढली गेली. तीन टोके लाल झाली. मौन सुरू झाले.

पहिल्या झुरक्याला इलारिओची भुवई किंचित वर गेली. दुसऱ्याला ती तिथेच राहिली. माक्सिमोने धूर तोंडात घोळवला, गिळल्यासारखे केले आणि केक ठेवला होता त्या खिडकीकडे वळून पाहिले. केक दूर होता; वारा उलट दिशेला होता. ओस्मार डोळे मिटून इतक्या भक्तिभावाने ओढत होता की त्याच्या गालांत खळगे पडले. नियम नियम होता. राखा लांबत होत्या, उत्तम वळलेल्या सिगारीच्या लांबाव्यात तशा, आणि संपूर्ण अंगणावर पाचवीतल्या मुलीच्या वाढदिवसासारखा दरवळ पसरला होता. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. रेय्नाबाई कॉफीचे भांडे घेऊन पायरीवर उभ्या होत्या आणि त्या भावांकडे नव्हे, नवऱ्याच्या काळ्या खिशाकडे बघत होत्या.

शेवटी इलारिओची राख पडली. त्याने सिगार बोटांत फिरवली.

"व्हॅनिला," तो म्हणाला.

ओस्मारने डोळे उघडले.

"ओस्मार."

"मी काय केलं? मी पेटीला हातसुद्धा लावला नाही!" हे शेवटचे वाक्य ओस्मारने गरजेपेक्षा मोठ्याने म्हटले.

"पापांच्या पेटीत तुझ्या अत्तराच्या काड्या घुसडल्यास तू. लबाडा, बापाच्या नावाला टोपी घातलीस!"

मास्तर बोलण्यासाठी उठले. पण इलारिओने तोवर खिशातून चष्मा काढला होता. हा चष्मा तो चारचौघांत कधी लावत नसे. त्याने पेटीतली एक सिगार उचलली आणि ओस्मारचा हात ओळखण्यासाठी तिची टोपी डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ त्याने ती पाहिली. मग त्याची मान ओस्मारकडे न वळता माक्सिमोकडे वळली.

"ही तुझी टोपी आहे."

"माझी?"

"कारखान्यातली टोपी. गुळगुळीत, यंत्रानं कापल्यासारखी. पापांनी असली टोपी उभ्या जन्मात लावली नाही."

माक्सिमोचा चेहरा लाल झाला. त्याने पेटीत हात घालून दुसरी काढली, नखाने पान चाचपले आणि तो एकदम ताठ झाला. "आणि ही? ही जाड शीर बघ. असला जाड पाला तुझ्या वरच्या शेतात सोडून कुठं पिकतो रे? टोपी तर अशी लावलीय, जशी घोड्याला!"

"दाखव, दाखव," ओस्मार पुढे सरसावला. "अगदी घोड्याला! इलारिओ, हे तुझंच काम."

"तू गप," इलारिओने तिसरी उचलली. "ही घे, ही तुझी. शेवटी शेपूट पिळलंय. डुकराच्या शेपटासारखं."

"ते माझं वळण आहे!"

"मग पापांच्या पेटीत काय करतंय तुझं वळण?"

एका क्षणात तिघेही पेटीवर वाकले. हातांचे अक्षर असते, आणि हे तिघे एकमेकांचे अक्षर लहानपणापासून ओळखत होते. सिगारी एकामागून एक बाहेर आल्या. ही माक्सिमोची. ही ओस्मारची. ही पुन्हा इलारिओची. इतक्या वर्षांत हे कुणाला दिसले कसे नाही, याचे मास्तरांना नवल वाटले आणि मग वाटेनासे झाले. श्रद्धेने हातात घेतलेली वस्तू कुणी उलटून पाहत नाही. खुद्द मास्तरांनीच काय पाहिले होते? तिघांपैकी प्रत्येक जण वर्षातून एखाद्या वेळी येऊन, पापांच्या पेटीसमोर जरा एकटा बसतो म्हणे, आणि मास्तर अदबीने खोलीचे दार बाहेरून ओढून घेत.

"म्हणजे सगळ्यांनीच सगळ्यांना टोप्या घातल्या," ओस्मार म्हणाला.

"हसतोस काय? चोर!" इलारिओ गरजला.

"चोर मी? आणि तू कोण, आर्चबिशप?"

"मी चोरी केली नाही. मी..." इलारिओ थांबला. त्याने चष्मा काढला. रुंद खांदे अचानक अरुंद दिसू लागले. "पहिल्या वर्षी माझी सिगार पेटलीच नाही. आठवतं? मी विझलेलीच तोंडात धरून बसलो होतो."

"तुझी पण?" माक्सिमो म्हणाला.

"पापांचे हात कापायचे तेव्हा. पाला इतका ठासून भरला होता की हवा जाईना. लाकूड ओढल्यासारखं. मला वाटलं, माझ्याच वाट्याला तसली आली. पुढच्या वर्षी तुमच्यापैकी कुणाला आली तर? अबेलार्दो सेन्तेनोला शेवटी सिगार वळता येत नव्हती असं तुम्ही म्हणाल."

"आम्ही?"

"म्हणून मी माझ्या हातच्या आणून ठेवल्या. त्यांच्या बदल्यात पापांच्या सिगारी माझ्या घरी नेल्या. दरवर्षी थोड्या थोड्या."

"मीही," माक्सिमो हळूच म्हणाला.

"माझीही पेटली नव्हती," ओस्मार म्हणाला. "मी काडी पेटवून पेटवून दमलो, शेवटी नुसतंच तोंडानं धूर सोडल्यासारखं केलं. तुम्ही दोघं इतके मजेत बसला होतात की मला वाटलं, पापांनी जाताना माझ्यावरच राग काढला."

अंगणात पुन्हा मौन झाले. या वेळी ते नियमाचे नव्हते. तिघांनी एकाच दोषावर एकच उपाय केला होता, तो एकमेकांपासून लपवला होता, आणि तो लपवण्याचे कारणही एकच होते. प्रयोगशाळेत इतके एकसारखे निष्कर्ष आले असते तर मास्तरांनी मुलांवर नक्कल केल्याचा संशय घेतला असता.

"नेलेल्या कुठायत?" माक्सिमोने विचारले. "टाकल्यास?"

"टाकीन का? पवित्र कुमारीमातेच्या तसबिरीखाली आहेत. फडक्यात बांधून."

"मी नेलेल्या आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी आहेत," माक्सिमो म्हणाला.

"माझ्याही देवाजवळच," ओस्मारने नाक ओढले. "दर रविवारी हात लावतो."

पेटीच्या तळाशी एकच सिगार उरली होती. इलारिओने ती दोन्ही हातांनी उचलली. टोपी गोगलगाईच्या शंखासारखी, पदर पदरावर चढत गेलेली, आणि शेवटचा पदर कुठे संपला ते दिसत नव्हते.

"ही," इलारिओ म्हणाला. "ही पापांची टोपी. तिघांच्या तावडीतून एवढी एकच राहिली."

तिघांनी ती आळीपाळीने पाहिली. असली टोपी आता निकारागुआत कुणाला लावता येत नाही यावर मुकादम माक्सिमोनेही मान डोलावली.

मास्तरांना आता बसवेना. वास्तविक गप्प राहणे सोयीचे होते. पेटीतल्या गोंधळात व्हॅनिलाची चौकशी बुडून गेली होती आणि ओस्मार डोळ्यांनी त्यांना तेच सुचवत होता. पण ज्या प्रयोगात आपली चूक आहे त्याची नोंद आपणच करायची, असे त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवले होते. ते आत गेले, ट्रंकेतून जुड्या काढल्या, टेबलावरचा केक उचलला आणि दोन्ही अंगणात आणून इलारिओसमोर ठेवले.

"व्हॅनिला माझ्यामुळे आला," ते म्हणाले. "या मी त्याच कपाटात ठेवल्या होत्या. वास चढणार नाही असा माझा हिशेब होता. हिशेब चुकला. केकही त्यासाठीच आणला. पेटी न्यायची असेल तर न्या. पण यात रेय्नाचा दोष नाही. तिला काही माहीत नव्हतं."

रेय्नाबाईंनी कॉफीचे भांडे खाली ठेवले. इलारिओने जुड्यांकडे पाहिले, ओस्मारकडे पाहिले. ओस्मार खुर्चीत लहान झाला. मग इलारिओने मास्तरांच्या काळ्या खिशाकडे बराच वेळ पाहिले.

"ते काय आहे?"

"कोळसा. वास शोषतो."

"शोषला?"

"नाही."

इलारिओच्या मिशांत काहीतरी हलले. त्याला हसू म्हणण्याइतका पुरावा नव्हता.

"मास्तर, तुम्ही बिघडवलंत ते आमचं बिघडवलंत. पापांचं त्यात होतंच काय?" त्याने ती एकुलती एक सिगार पेटीत परत ठेवली आणि झाकण लावले. "मी नेली पेटी, तर हे दोघं म्हणतील मी बदलली. यांच्याकडं दिली, तर मला झोप लागायची नाही. पेटी इथंच राहील. साऱ्या खानदानात हे एकच घर आहे जिथं पापांच्या सिगारीला कुणी हात लावला नाही. तुम्हाला तर वळताच येत नाही."

"खरं आहे," मास्तर म्हणाले.

"कायमची राहील. रेय्नाची म्हणून." आणि मग, जणू हे पुरेसे कठीण नव्हते म्हणून, तो बहिणीकडे न बघता पुढे म्हणाला, "तेव्हाच द्यायला हवी होती."

त्याने केकचा एक तुकडा मागितला. गुलाबी फराट्याचा. तो खाताना त्याने विचारले की यावर आधी काय लिहिले होते, आणि मास्तरांनी सांगितल्यावर तो पहिल्यांदाच मोठ्याने हसला, इतका की माक्सिमोला त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. निघताना तिघांनी पेटीला हात लावून क्रूसाची खूण केली. ओस्मारने आपल्या जुड्या काखोटीला मारल्या आणि इलारिओने त्याच्या टपलीत मारली, पण हलक्या हाताने.

फाटक लागले. अंगणात धुराचा आणि व्हॅनिलाचा वास रेंगाळत होता. मास्तर पेटी घेऊन कपाटापाशी गेले, तर रेय्नाबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली, आता ती त्यांचीच होती, आणि झाकण उघडून ती एक सिगार बाहेर काढली. टोपीवरून त्यांनी अंगठा फिरवला, जसे कुणी स्वतःच्या शिवणीवरून फिरवते.

"शेवटच्या पदराला जरा ओढ बसलीय," त्या म्हणाल्या. "त्या वेळी मला जरा घाई होती."

मास्तरांनी चष्मा काढला. तो पुसला. पुन्हा घातला.

"रेय्ना?"

"पहिल्या वर्षी मी इथंच पायरीवर उभी होते ना? तिघं विझलेल्या सिगारी ओढत बसले होते. मला दिसत नव्हतं का? दुसऱ्याच दिवशी मी सगळी पेटी बदलली. ही टोपी पापांनी मला शिकवली होती. हे तिघं टोपी लावायची वेळ आली की शेतात पळायचे. मी पापांच्या टेबलाखाली बसून शिकले. नंतर कुणी मला वळायला सांगितलं नाही. कॉफी करायला सांगितलं."

"म्हणजे त्या तिघांनी नंतर येऊन ज्या नेल्या..."

"माझ्या."

"कुमारीमातेच्या तसबिरीखाली आहेत त्या?"

"माझ्याच. चांगल्या आहेत. ओढल्या असत्या तर कळलं असतं." त्यांनी सिगार परत ठेवली, पेटी वरच्या खणात सरकवली आणि आर्द्रतामापकाकडे एक नजर टाकली.

मास्तरांच्या मनात तीन घरांतले तीन देव्हारे एकापुढे एक उभे राहत होते.

"पण मग पापांच्या?" अखेर त्यांनी विचारले. "खऱ्या?"

"चुलीत घातल्या," रेय्नाबाई म्हणाल्या. त्यांनी कपाटाचे दार लावले. "तिथंही धड पेटल्या नाहीत."